मामाचा रकाना

हुपरीचे विजयसिंह पेढ्यांचा पुडा हातात घेऊन जिना चढून वर आले, तेव्हा आपल्या संकेतस्थळाला अखेर पहिले फळ लागले, असे हंबीररावांना वाटले. त्यांनी लगबगीने डोक्यावरची टोपी सारखी केली, समोरच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रे उचलली आणि खालच्या पिठाच्या गिरणीच्या घरघरीवर मात करील अशा आवाजात चहा सांगितला.

"पोरीचं जमलं बगा!" विजयसिंह बसता बसता म्हणाले. चांदीच्या पैंजणांचा त्यांचा घरगुती कारखाना होता आणि आवाजही त्या धातूला साजेसा खणखणीत होता. "तुमच्याच साईटवर दिसलं पोरगं. लई भारी साईट काढलीसा राव."

"मग मेंबर कवा झालासा? आमच्याकडं तर कुणी झाल्यालं दिसंना."

"मेंबर? ते आनी कशाला?"

"आवो, नाव, फोटू, फोन, समदं झाकलंय तितं. मेंबर झाल्याबिगार दिसत न्हाय."

"नाव कशाला लागतंय?" विजयसिंहांना या प्रश्नाचे मनापासून आश्चर्य वाटले. "पोरगं इंजिनेर. उंची पाच फूट आठ. चंदगडकडचं, घरचा काजूचा धंदा. आन् मामा नेसरीचं. एवढं वरच लिवलंय की तुमी! मामा नेसरीचं म्हटल्यावर नेसरीला फोन लावला. पावणं म्हणालं, काजूवाल्यात दिलेली आमच्या गल्लीतली एकच पोरगी, तिचंच ते पोरगं. दोन फोनांत काम झालं."

असे म्हणून त्यांनी पत्रिका पुढे केली. हंबीररावांनी ती उघडून प्रथम मुहूर्त पाहिला नाही, वधू-वरांची नावे पाहिली नाहीत. त्यांची दृष्टी थेट तळाच्या ओळीवर गेली. तेथे छापले होते, 'विशेष सहकार्य : श्री. आकाराम, नेसरी.'

"आकाराम पावणं म्हंजे तुमचंच मेव्हणं नव्हं?" विजयसिंहांनी निष्पाप मनाने विचारले. "लई मायाळू माणूस. त्येंच्यासाठी फेटा सांगितलाय. तुमी पन या जेवायला."

हंबीररावांच्या हृदयात त्या क्षणी जे झाले ते समजण्यास त्यांच्या भिंतीकडे पाहणे आवश्यक आहे.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील त्या एका खोलीच्या वधू-वर सूचक केंद्राच्या भिंतीवर देवाची तसबीर एकच होती. उरलेल्या सर्व भिंतीवर खुंट्या होत्या आणि खुंट्यांवर फेटे. ज्या ज्या लग्नात हंबीररावांनी जुळवणी केली, त्या त्या लग्नात ध्वनिक्षेपकावरून त्यांच्या नावाचा पुकारा होई, अक्षतांच्या आधी त्यांना फेटा बांधला जाई, आणि तो फेटा ते दुसऱ्या दिवशी येथे आणून टांगीत. पूर्वी लोक येऊन समोर बसत, चहा पीत, आणि शेवटी खाली मान घालून विचारीत, "पोरगं कसं हाय?" हंबीरराव डोळे मिटून थोडा वेळ थांबत आणि म्हणत, "पोरगं चांगलं हाय. करा." एवढ्या शब्दांवर लग्ने होत. कोर्टाच्या निकालावर अपील असते, यावर नव्हते.

परंतु काळ कोणाचीच भीड धरीत नाही. तरुण पिढी फोनमध्ये स्थळे शोधू लागली, समोरची खुर्ची रिकामी राहू लागली आणि अलीकडच्या खुंट्यांवर धुळीखेरीज काही चढेना. म्हणून त्यांची कन्या इरावती, जी पदवीधर असून एका कचेरीत नोकरीस होती, तिने संकेतस्थळाची कल्पना काढली आणि राजारामपुरीतील गुरुप्रसाद नावाच्या संगणक-तज्ज्ञाने ती अंमलात आणली. लोकांनी आपापल्या फोनवरून आपली माहिती फुकट भरावी, थोडी झलक सर्वांना दिसावी, आणि नाव, स्पष्ट छायाचित्र व फोन मात्र सभासदत्व घेणाऱ्यासच उघडावे, अशी ती योजना होती. झलकेत काय असावे, हे स्वतः हंबीररावांनी ठरविले होते. "मामाचं गाव आन् आडनाव वरच पायजे. त्याबिगार आपल्यात कोण पुढचं वाचतंय?" असे त्यांनीच ठणकावले होते.

आणि ते खरेच होते. आपल्या जिल्ह्यात ज्याला मामाचे गाव समजले, त्याला मुलाचे अथवा मुलीचे नाव समजण्यास फक्त फोनमधील चार्ज पुरेसा लागतो. अशा रीतीने हंबीररावांनी खजिन्याला कुलूप लावले होते आणि किल्ली दाराच्या कडीलाच टांगली होती.

त्यातही दैवाचा क्रूरपणा असा, की ज्याच्या डोक्यावर हा नवा फेटा चढणार होता, तो आकाराम म्हणजे हंबीररावांच्या पत्नीचा, विठाबाईंचा सख्खा भाऊ. पूर्वी एका लग्नात जुळवणी नेमकी कोणाची, यावरून दोघांत वाद झाला होता आणि भर मांडवात फेटा आकारामला बांधला गेला होता. हंबीरराव त्या दिवशी पंगतीतून न जेवता उठले. तेव्हापासून ते मेव्हण्याशी एक शब्दही बोलले नव्हते आणि त्याचा नंबर त्यांनी फोनमधून काढून टाकला होता. मनातून मात्र तो गेला नव्हता.

विजयसिंह जिना उतरले त्याच घटकेला गुरुप्रसादला बोलावणे गेले.

"काका, मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो," गुरुप्रसाद चष्मा पुसत म्हणाला. "प्रिव्ह्यू म्हणजे चव असते. दुकानदार चिवड्याची चिमूट देतो हातावर. आपण पिशवीच देतोय, आणि वर विचारतोय, विकत कोण घेणार?"

"मग चिमूट पन नगं. समदं झाक."

"सगळं? अहो, मग माणूस आत कशाला शिरेल? काहीतरी दिसायला पाहिजे, काहीतरी राखायला पाहिजे. त्याचं एक शास्त्र आहे—"

"तुजं शास्त्र ठेव तितंच. मामा झाक, गाव झाक, उंची झाक. देवाला सुदिक दिसता कामा न्हाय."

"तुम्हाला तरी मालक म्हणून उघडं ठेवतो ना?"

हंबीररावांनी दाराकडे पाहून आवाज खाली घेतला. "मला पन नगं. माज्या घरातनंच नेसरीला बातम्या जात्यात. मी बगितलं की बायको बगणार, बायकोनं बगितलं की भाऊ बगणार. मेंबर झाला तरच दिसंल. मग त्यो कुनी का असंना."

गुरुप्रसादने मान हलविली आणि सांगितल्याप्रमाणे केले. या वाक्याची किंमत पुढे कोणाला भरावी लागणार आहे, हे त्या दोघांपैकी कोणासही ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून संकेतस्थळाचे रूप पालटले. जेथे पूर्वी माणसे होती, तेथे राखाडी धुरकट डोकी आली. प्रत्येक डोक्यावर एक कुलूप आणि खाली 'मुलगी. जिल्हा कोल्हापूर.' किंवा 'मुलगा. जिल्हा कोल्हापूर.' एवढाच मजकूर. हंबीररावांना ते दृश्य फार आवडले. त्यांना वाटले, आता लोक तडफडतील.

लोक तडफडले, परंतु ते सभासद होण्यासाठी नव्हे. पहिल्या आठवड्यात चंदगडकडून एक वृद्ध गृहस्थ एस. टी. ने आले. त्यांनी फोन टेबलावर आपटला आणि म्हणाले, "पावणं, ह्या पोरी का धुक्यात हुब्या केल्यासा? आमच्याकडं पावसाळाभर धुकंच बगतोय आमी. ते बगायला फोन कशाला?"

"मेंबर व्हा, मग धुकं निघतंय."

"बैल घेताना सुदिक आदी दात बगत्यात. तुमी पोतं घातलंय बैलावर, आन् म्हणताय, आदी पैसं टाका, मग पोतं काढतो!"

पाठोपाठ संयोगिता नावाच्या एक बाई आल्या. सगळे धुरकट दिसते म्हणून त्यांनी आठवडाभर आपल्या डोळ्यांत थेंब घातले होते आणि मग शेजारणीच्या फोनवरही तसेच दिसते, हे कळल्यावर त्या थेंबांचा राग काढण्यासाठी त्या थेट केंद्रावर येऊन थडकल्या होत्या. परंतु खरा घाव निराळ्याच दिशेने आला. ज्यांची स्थळे संकेतस्थळावर होती, तेच आईबाप भांडायला येऊ लागले.

"आमच्या पोरीचं तोंड का झाकलंसा?" एकाने बाही सावरत विचारले. "गावात इचाराय लागल्यात, पोरीत काय खोट हाय म्हणून झाकली? उघडी करा, न्हायतर काढून टाका."

"समद्याच झाकल्यात की."

"मग समद्यांच्यात खोट हाय म्हणतील. आमची त्यातनं काडा."

लोकांचा न्याय असा असतो. फुकट दिसले तर ते घेऊन जातात आणि आभार दुसऱ्याचे मानतात. झाकले तर झाकणाऱ्याच्याच चारित्र्यावर बोट ठेवतात. महिना संपेपर्यंत निम्मी धुरकट डोकी नाहीशी झाली. सभासदांच्या रकान्यात जे शून्य होते, ते मात्र एकनिष्ठ पत्नीप्रमाणे जागचे हलले नाही.

गुरुप्रसाद पुन्हा आला, तो या खेपेस घरी आला, कारण केंद्रावर येण्याचे त्याला भय वाटू लागले होते. हंबीरराव जेवत होते. विठाबाई भाकरी थापीत होत्या.

"काका, शेवटचा उपाय सांगतो. एक स्थळ पूर्ण उघडं ठेवायचं. नमुना म्हणून. स्पष्ट फोटो, नाव, शिक्षण, मामा, सगळं. फक्त फोन नाही. ते पाहिलं की लोकांना कळेल, सभासद झाल्यावर आत काय मिळतं. बाकीची बंदच."

"आन् कुणाची पोरगी उगडी ठेवू? जोड्यानं मारतील मला."

"मग खोटीच तयार करू. देखणा फोटो, चांगली नोकरी..."

हंबीररावांचा घास हातातच राहिला. "आजपातूर मी एक बी पोरगी खोटी सांगितली न्हाय. तिला मागणी घालाय चार गाड्या आल्या, तर तू नेसनार हाईस शालू?"

"माझी घाला," इरावती सहज म्हणाली.

हंबीररावांनी घास ताटात परत ठेवला.

"तुजी? माजी पोरगी अशी बाजारात मांडू?"

"का?" विठाबाईंनी हात थांबविला. "लोकांच्या पोरी मांडताना बाजार नव्हता व्हय? आपल्या पोरीवर आलं की लगीच बाजार झाला?"

हंबीररावांनी पाण्याचा घोट घेतला आणि एक अट घातली. "घाला. पन मामाचा रकाना रिकामा सोडा."

"सोडतो की!" विठाबाई कडाडल्या. "मामाबिगार पोरगी बगून लोक काय म्हणतील? आईला म्हायेर न्हाय म्हणतील. आकारामदादाचं नाव न्हाय, तर माज्या पोरीचं बी नाव न्हाय. आन् उद्यापासनं भाकरी बी साईटवरनंच मागवा."

नाव घातले गेले. कोल्हापूर जिल्ह्यातील समस्त विवाहेच्छू लोकांसमोर आता राखाडी डोक्यांच्या सैन्यात एकच उजळ मुख हसू लागले : इरावती, पदवीधर, उंची पाच फूट तीन, मामा : आकाराम, नेसरी.

गुरुप्रसादचे शास्त्र निम्मे खरे ठरले. लोकांची रीघ लागली. दररोज शेकडो लोक संकेतस्थळावर येत, नमुना वाचीत, मुलगी पसंत करीत आणि बाहेर पडून नेसरीला फोन लावीत. कुलपांकडे ढुंकूनही कोणी पाहिले नाही. ज्याला दारातच जेवण मिळते, तो आतली पंगत कशाला शोधील? इरावती रोज संध्याकाळी आकडे सांगे : पाहणारे इतके, सभासद शून्य. हंबीरराव ते ऐकत आणि उशीवर कूस बदलीत.

एके दिवशी सकाळी चहा ठेवताना विठाबाई म्हणाल्या, "रविवारी पावणं येनार हायती. पोरीला बगाय."

"कुठलं पावणं? कुणी आनलं?"

"दादानं. लई फोन आलं म्हणं त्येला. त्यातनं एक निवडून काढलाय. पोरीला बी पसंत हाय."

हंबीररावांनी इरावतीकडे पाहिले. ती बशीतला चहा फुंकण्यात इतकी गुंग होती, की फुंकर संपूनही ती फुंकीत राहिली.

"नाव काय पोराचं?"

"दादाला इचारा की."

"गाव तरी?"

"त्ये बी दादालाच. त्येनं जुळवलंय, त्येलाच म्हाईत." विठाबाईंच्या मुद्रेवर बहिणीचे अनेक वर्षांचे समाधान झळकत होते. "फोन लावा. नंबर देऊ?"

"त्येच्या दारात जाईन तर बापाचं नाव लावनार न्हाय."

"पप्पा," इरावती हळूच म्हणाली, "मुलगा आपल्याच साईटवर आहे. बेचाळीस नंबर. बघा की तुम्हीच."

हंबीरराव चहा तसाच ठेवून केंद्रावर गेले. त्यांनी संगणक सुरू केला आणि बेचाळीस क्रमांक काढला. एक राखाडी डोके, एक कुलूप, आणि खाली 'मुलगा. जिल्हा कोल्हापूर.' त्यांनी पडदा रुमालाने पुसला. मागे सरकून पाहिले, चष्मा काढून पाहिले. त्यांचा होणारा जावई धुक्यातून तसूभरही पुढे आला नाही.

त्यांनी गुरुप्रसादला फोन लावला.

"बेचाळीस नंबर उगड."

"काका, उघडता येत नाही. माझ्याकडूनही नाही. तुम्हीच म्हणाला होतात ना, देवालासुद्धा दिसू नये? तसंच केलंय. फक्त सभासदाला."

"अरं मी मालक हाय!"

"मालकालासुद्धा नको, हे तुमचेच शब्द. फोडून नवीन करायला आठ दिवस लागतील."

आठ दिवसांनी रविवार उलटून जाणार होता. हंबीररावांनी फोन ठेवला. ज्या माणसाने अर्ध्या जिल्ह्याचे जावई डोळे मिटून सांगितले, त्याला डोळे उघडे ठेवूनही स्वतःचा जावई दिसत नव्हता. एक वाट नेसरीला जात होती. तिच्यावर अभिमान आडवा पडला होता. दुसरी वाट समोरच लुकलुकत होती : 'सभासद व्हा. आता संकोच कसला?' हे वाक्यही त्यांनीच सुचविले होते.

त्यांनी दार आतून लावले. चोर स्वतःच्या घरात शिरताना जितका दबकून शिरेल, तितके दबकून त्यांनी आपले नाव भरले, आपला फोन नंबर भरला, आणि स्वतःच ठरविलेली वर्गणी स्वतःच भरली. पडद्यावर झेंडूची फुले कोसळू लागली. त्यांतून सोनेरी अक्षरे वर आली, 'हार्दिक अभिनंदन! आपण आमचे पहिले सभासद आहात.'

फुले विरली तेव्हा कुलूप गळून पडले होते. मुलाचे नाव आदर्श. गडहिंग्लजकडचा, घरची शेती, स्वतः दूध संस्थेत अधिकारी. चेहरा मोकळा, नजर सरळ. हंबीररावांच्या अनुभवी डोळ्यांना खोट काढण्यास जागा सापडेना. त्यांचे अंतःकरण किंचित निवले. मग त्यांनी पडदा खाली सरकवला. संपर्काच्या रकान्यात लिहिले होते, 'श्री. आकाराम, नेसरी', आणि त्यापुढे तो नंबर, जो फोनमधून गेला होता परंतु मनातून गेला नव्हता.

त्यांनी त्रेचाळीस क्रमांक उघडला. संपर्क : श्री. आकाराम, नेसरी. चव्वेचाळीस उघडला. तोच. त्या भागातील लोकांनी परक्यांचे फोन नकोत म्हणून विश्वासाच्या माणसाचा नंबर देऊन ठेवला होता. हंबीररावांनी वर्गणी भरून जे विकत घेतले, ते आपल्या मेव्हण्याचे दुकान होते, आणि त्याला जागाही त्यांनीच दिली होती.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून गुरुप्रसाद ओरडत होता. "काका! आला! पहिला सभासद आला! मी म्हणालो नव्हतो? एक नमुना उघडा, बाकी बंद. शास्त्रच आहे ते! नाव अजून बघितलं नाही मी, पण कोण आहे हो?"

"हाय एक," हंबीरराव म्हणाले. "मुलीकडचा."

त्यांनी फोन ठेवला. एकवार भिंतीवरच्या फेट्यांकडे पाहिले. मग पडद्यावरचा नंबर, जो त्यांना पाठच होता, एक एक आकडा पाहून, एखाद्या परक्या गिऱ्हाइकासारखा लावला.

"कोन बोलतंय?"

"मी... हंबीरराव."

पलीकडे कोणीतरी घसा खाकरला. "बोला की दाजी."

हंबीररावांना वाटले होते, की आपण आधी जाब विचारू, मग फेट्याचा जुना हिशेब काढू, आणि शेवटी जमल्यास मुलाविषयी बोलू. परंतु मान आपोआप खाली गेली आणि तोंडातून तेच शब्द बाहेर पडले, जे समोरच्या खुर्चीवरून त्यांनी आयुष्यभर ऐकले होते.

"पोरगं कसं हाय?"

आकारामने उत्तर देण्यापूर्वी थोडा वेळ घेतला. त्याने डोळे मिटले असावेत.

"पोरगं चांगलं हाय, दाजी. करा."

 मग तोच सावकाश म्हणाला, "आन् फेट्याचं मनाला लावून घेऊ नगासा. या येळंला तुमास्नी बी हायच की. पोरीच्या बापाला बांधावाच लागतोय."

हंबीररावांनी समोरच्या रिकाम्या खुंटीवरची धूळ बोटाने पुसली.

"रंग कुठला सांगितलाय?" त्यांनी विचारले.